लग्नातला कंटेंट क्रिएटर (नाशिक)

लग्नातला कंटेंट क्रिएटर म्हणजे फोटोग्राफर आणि व्हिडिओवाल्यांपेक्षा वेगळा माणूस, जो फक्त मोबाईल उभा धरून शूटिंग करतो आणि रील, स्टोरी, तयारीच्या वेळच्या क्लिपा त्याच रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी हातात देतो. अल्बम आणि मोठी फिल्म यायला महिने लागतात, तोवर घरच्यांना बघायला काहीच नसतं, ती गरज यातून भागते. नवरीच्या खोलीत तयारी चालू असताना आत जावं लागतं म्हणून बऱ्याच घरी मुलगीच क्रिएटर हवी असते, आणि ते बरोबरच आहे.

आपल्याकडे याची सुरुवात तशी अलीकडची. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले. आधी हे काम नवरीची मैत्रीण नाहीतर मामेभाऊ करायचा, पण मग त्याला ना धड जेवता यायचं ना लग्न बघता यायचं, म्हणून पैसे देऊन माणूस ठेवायची पद्धत पडली.

काम कसं चालतं

साखरपुडा, हळद, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन यातलं काय काय हवं ते आधी ठरतं आणि तासावर किंवा कार्यक्रमावर पैसे ठरतात, दाट तिथीला रेट चढतो. पण खरं कौशल्य कॅमेऱ्यापेक्षा विधी माहिती असण्यात आहे असं मला ठामपणे वाटतं. शेवटची मंगलाष्टक संपून शुभमंगल सावधान झालं की अंतरपाट दोन सेकंदात खाली येतो, अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते आणि दोघं पहिल्यांदा एकमेकांकडे बघतात, ते परत होत नाही. त्या वेळी फोटोग्राफर भटजींच्या बाजूने पुढे घुसलेला असतो, म्हणून जाणती क्रिएटर नवरदेवाच्या मामाच्या मागे खांद्याआडून उभी राहते, म्हणजे नवरीचा चेहराही मिळतो आणि फोटोग्राफरच्या फ्रेममधे मोबाईलही येत नाही. कानपिळीचंही तसंच, नवरीचा भाऊ कधी उठतो यावर लक्ष नसेल तर गेलं. रुखवतासमोर आत्या-मावशा उखाणे घेतात ते मोठ्या फिल्ममधे सहसा कापले जातात, रीलवर मात्र लोक तेच परत परत बघतात.

तांत्रिक बाजू थोडी आहे पण नडते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेमवर शूट केलं की स्टेजवरच्या साध्या एलईडी लाईटमधे पट्टे फिरताना दिसतात, २५ किंवा ५० वर ठेवलं तर ते बरंच थांबतं. आयफोनवर फोरके ३० फ्रेमला मिनिटाला साधारण १७० एमबी जातात, हळद आणि लग्न दोन्ही धरलं तर फोन भरायला वेळ लागत नाही. आणि हळदीला लेन्स पुसायला मऊ फडकं हवंच, एक पिवळं बोट लागलं की पुढचा अर्धा तास सगळं धुरकट येतं.

नाशिकमधे

गंगापूर रोड, पेठ रोड, औरंगाबाद रोड या बाजूंना लॉन्स भरपूर, लग्नं उघड्यावर होतात आणि गोरज मुहूर्ताला ऊन तिरपं येतं, त्यामुळे मंडपाची दिशा आधी जाऊन बघितलेली बरी. लग्नाआधीच्या रीलसाठी जोडपी सोमेश्वर, गंगापूर धरणाचा परिसर, द्राक्षबागा इथे जातात. गोदाघाटावर करायचं असेल तर पहाटेच, रामकुंडावर लोक अस्थिविसर्जन आणि दशक्रियेला आलेले असतात, त्यांच्या दुःखात आपला कॅमेरा घुसवू नये, क्रिएटरने हे पार्टीला स्पष्ट सांगावं. ड्रोन उडवायचा असेल तर देवळालीची लष्करी हद्द आणि ओझरचं विमानतळ लक्षात घेऊन डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन नकाशावर झोन (तिथे उडवता येतं का ते) तपासावा लागतो.

सिंहस्थात लग्न काढायचं नाही ही जुनी रीत काही घरं अजून पाळतात. मागचा सिंहस्थ २०१५ चा, तेव्हा रील हा प्रकारच नव्हता, म्हणजे २०२६-२७ चा सिंहस्थ या धंद्यासाठी पहिलाच, पंचवटी आणि त्र्यंबक रोडची गर्दी धरूनच वेळा ठरवाव्या लागणार.

ठरवताना

तोंडी बोलून सोडू नये, मेसेजवर तरी लिहून घ्यावं: किती तास, किती रील, कच्च्या क्लिपा मिळणार का, दुरुस्ती किती वेळा. क्लिपा ड्राईव्हच्या लिंकवरच घ्याव्यात, व्हॉट्सॲपवर साधं पाठवलं की क्वालिटी जाते. गाण्याचाही विचार हवा, लग्नात गाणी वाजवायला कॉपीराइट कायद्यात सूट आहे पण तोच व्हिडिओ इंटरनेटवर टाकणं ही वेगळी गोष्ट, आणि बिझनेस अकाउंटला बरीच फिल्मी गाणी मिळतच नाहीत, म्हणून पोस्ट नवरीच्या अकाउंटवरून करून क्रिएटरला कोलॅब देतात, म्हणजे तीच पोस्ट दोघींच्या नावाने दिसते. फोटोग्राफर आणि क्रिएटरची गाठ आधीच घालून द्यावी नाहीतर ऐन सप्तपदीला धक्काबुक्की होते. केटररला ताटं सांगताना क्रिएटरचंही ताट धरावं, सकाळी सातपासून उभं असलेलं माणूस शेवटच्या पंगतीला उपाशी राहिलेलं मी बघितलंय, फार वाईट वाटतं.

सगळ्यात महत्त्वाचं परवानगीचं. हळदीत भिजलेल्या बायका, लहान मुलं, पाठवणीला रडणारे वडील, यातलं काय बाहेर जाणार हे घरच्यांनी ठरवायचं, क्रिएटरने स्वतःच्या पेजवर टाकायच्या आधी विचारायचं आणि नाही म्हटलं तर मुकाट्याने काढायचं. लाईव्ह स्टोरी तर शक्यतो नकोच, सगळं वऱ्हाड लॉन्सवर असतं आणि घराला कुलूप आहे हे गावाला कळतं, दागिने घरी परत आल्यावर टाका की.