आठ पट्ट्यांचं प्रथिन: पोसमच्या दुधापासून आपल्या दह्यापर्यंत

डेअरीवर दूध घातलं की हाती दोन आकडे येतात, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला उरलेला घन भाग. भाव त्यांवरच ठरतो, म्हणून आर्वीकडच्या गवळ्यापासून मेळघाटातल्या गवळ्यापर्यंत सगळ्यांना ते तोंडपाठ असतात. पण एसएनएफच्या एका आकड्यात साखर, क्षार आणि प्रथिनं अशी सगळीच मंडळी एकत्र मोजली जातात. त्यातल्या प्रथिनांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. प्रत्येक प्रथिनाला आपापला आकार असतो आणि त्या आकारातून त्याचं काम ठरतं. याचं एक सुरेख उदाहरण आपल्या गोठ्यापासून फार लांब, ऑस्ट्रेलियातल्या झाडांवर सापडतं.

ब्रशटेल पोसम हा मांजराएवढा, झुपकेदार शेपटीचा प्राणी. कांगारूसारखी त्याच्या मादीच्या पोटाला पिशवी असते. आपली गाय नऊ महिने गाभण राहते आणि वासरू वीसेक किलोचं होऊन जमिनीवर येतं. पोसमची मादी जेमतेम 17-18 दिवसांत विते. पिल्लू ग्रॅमच्या पाचव्या हिश्शाएवढं, डोळे मिटलेले, मागचे पाय धड तयार नाहीत. पुढच्या पायांनी आईचे केस धरत ते पिशवीत शिरतं, सड तोंडात घेतं आणि चार-पाच महिने तिथेच वाढतं. गाईच्या पोटात वार जे काम करते, त्यातलं बरंचसं इथे दुधाला करावं लागतं.

म्हणूनच ते दूध एकसारखं राहत नाही. गाईचा चीक चार-पाच दिवसांत सरतो आणि पुढे दुधात फारसा बदल होत नाही. पिशवीवाल्या प्राण्यांचं दूध मात्र शेवटपर्यंत बदलत जातं: आधी पातळ आणि साखरेचं, पुढे साखर घटते, फॅट आणि प्रथिनं वाढतात. प्रथिनंही पाळीपाळीनं येतात. काही फक्त सुरुवातीला दिसतात, काही उशिरा. टॅमर वॉलबी या छोट्या कांगारूत तर नुकतंच जन्मलेलं पिल्लू एका सडाला आणि पिशवीबाहेर पडलेलं मोठं पिल्लू दुसऱ्या सडाला, असं एकाच वेळी चालतं आणि दोन्ही सडांतून वेगवेगळं दूध येतं! रक्त तेच, त्यातली संप्रेरकं तीच, तरी प्रत्येक कास आपला हिशोब वेगळा ठेवते. ज्यानं कधी धार काढली आहे त्याला यातलं नवल जास्त कळेल. लहान पिल्लं काढून, ज्यांचं दूध पुढच्या टप्प्यावर पोचलं आहे अशा माद्यांना लावली, तेव्हा ती पिल्लं झपाट्यानं वाढली. म्हणजे वाढीचा वेग बऱ्याच अंशी दूधच ठरवत होतं.

पोसमच्या दुधाच्या निवळीत, म्हणजे दूध फाटल्यावर सुटणाऱ्या पाण्यात, ट्रायकोसुरिन नावाचं एक प्रथिन असतं. 2007 मध्ये न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी त्याची रचना प्रसिद्ध केली. त्यांना पोसममध्ये रस असणं साहजिक आहे. फरसाठी 1837 पासून तिथे आणलेला हा प्राणी आज जंगलं ओरबाडतो आणि गुरांमध्ये क्षयरोग पसरवतो.

दुधातून हे प्रथिन गोळा करत बसण्याऐवजी त्यांनी त्याचं जनुक ई. कोलाय जिवाणूत घातलं. जिवाणूनं प्रथिन बनवलं खरं, पण ते नीट न घडता गोळा होऊन बसलं. ते सोडवून, पुन्हा घडी बसवून, त्याचे स्फटिक केले आणि त्यांवर क्ष-किरण सोडले. मिळालेलं चित्र 1.9 अँगस्ट्रॉम इतकं बारीक होतं. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.

त्या चित्रात दिसली ती जणू धान्याची ढोली. बांबूच्या कमट्यांसारख्या आठ पट्ट्या गोल उभ्या, एक वर जाणारी तर शेजारची खाली येणारी, आणि मधे पोकळी. अशा घडणीच्या प्रथिनांच्या कुळाला लिपोकॅलिन म्हणतात. पाण्यात सहज न विरघळणारे छोटे रेणू पोकळीत घेऊन वाहून नेणं हे या कुळाचं काम. आपल्या रक्तात अ जीवनसत्त्व वाहणारं प्रथिन याच कुळातलं, डोळ्यांच्या पाण्यातही एक असतं. पिशवीवाल्या प्राण्यातल्या लिपोकॅलिनची रचना मात्र प्रथमच उलगडली होती. ट्रायकोसुरिन जोडीजोडीनं राहतं, आणि जोडी जुळण्याची त्याची तऱ्हा या कुळात तोवर कुणी पाहिलेली नव्हती.

पोकळीत काय बसतं हे पाहायला संशोधकांनी वेगवेगळे रेणू देऊन पाहिले. 4-इथाइलफेनॉल आणि 2-नॅफ्थॉल हे फिनॉल जातीचे रेणू आत बसलेले सापडले. मला हा धागा सगळ्यात मोलाचा वाटतो. पोसम निलगिरीचा पाला खातो. आपल्याकडे धुऱ्यावरच्या निलगिरीला शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही, आणि त्या पाल्यात फिनॉल जातीची रसायनं भरपूर. आईच्या खाण्यातून येणारे असले रेणू आणि हे प्रथिन यांचा काही संबंध असावा, असा तर्क त्यातून करता येतो. तो अजून सिद्ध व्हायचा आहे.

या ट्रायकोसुरिनचा एक भाऊबंद आपल्या गोठ्यातच आहे: बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. गाईच्या निवळीतल्या प्रथिनांपैकी निम्म्याच्या आसपास हेच. व्यायामशाळेतली पोरं व्हे प्रोटीनचे डबे आणतात, त्यातही मुख्य तेच. घडण तीच, आठ पट्ट्यांची. त्याच्या पोकळीच्या तोंडाशी एक झाकणही असतं, आंबट द्रावणात ते मिटतं आणि आंबटपणा गेला की उघडतं. आईच्या दुधात हे प्रथिन नसतं, त्यामुळे काही तान्ह्या बाळांना गाईच्या दुधाची जी ॲलर्जी होते, तिच्यामागच्या प्रथिनांत याचंही नाव येतं.

दूध तापवलं की 70 अंशांच्या पुढे ही घडी उलगडू लागते. आत दडलेला गंधकाचा अणू उघडा पडतो आणि त्याच्या आधारानं हे प्रथिन केसिन या दुधातल्या मुख्य प्रथिनाच्या कणांना जाऊन चिकटतं. विरजण लावल्यावर ते कण एकमेकांना घट्ट धरतात, पाणी कमी सुटतं. चुलीवर चांगलं उकळलेल्या दुधाचं दही कवडीसारखं लागतं आणि कच्च्या दुधाचं सैल राहतं, त्याचं मोठं कारण हे.