मायक्रोवेव्हमध्ये हा डबा चालेल का?

दुकानात रोज कुणीतरी हे विचारतंच, आणि आम्ही उलट विचारतो की त्यात करणार काय? कारण उत्तर त्यावरच आहे.

डब्याच्या तळाशी त्रिकोणात ५ आकडा असेल तर ते पॉलीप्रॉपिलीन नावाचं प्लास्टिक, ते साधारण १६० डिग्रीला वितळतं. त्यावर मायक्रोवेव्ह सेफ असंही छापलेलं असेल तर भात, वरण, उपमा खुशाल गरम करा, कारण पाणी असलेला पदार्थ १००च्या फारसा वर जात नाही. पण तेल-साखरेचं तसं नाही, फोडणी किंवा साखरेचा पाक तापला की १००वर थांबत नाही आणि मग त्याच डब्याला आतून खड्डे पडतात, हळदीचा पिवळा डाग बसतो तो वेगळाच, आणि लोक म्हणतात डबा खराब निघाला! असलं काही करायचं तर बोरोसिलिकेट (उष्णता सोसणाऱ्या) काचेचं भांडं घ्या. फक्त गरम काच ओल्या ओट्यावर टेकवू नका, तडकते.

दुसरा घोळ मोडचा. मायक्रोवेव्ह सेफ म्हणजे फक्त मायक्रोवेव्ह मोडला सेफ, कन्व्हेक्शनला (म्हणजे ओव्हनसारखं भाजायच्या मोडला) आतली हवाच १८०-२०० डिग्री तापते, तिथे प्लास्टिकचं काय होणार सांगायला नको. उलट केकचा अॅल्युमिनियमचा डबा कन्व्हेक्शनला चालतो पण मायक्रोवेव्ह मोडला नाही.

मेलामाइनच्या प्लेट आम्हीही विकतो, वाढायला छानच आहेत, पण गरम करायला नकोत. सोनेरी काठाचे कप ठेवले तर ठिणग्या उडतात. आणि श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे डबे आपण सगळेच धुऊन ठेवतो (आमच्याही घरी ढीग आहे), ते डाळी भरायला ठेवा.

घरातला जुना चिनीमातीचा मग किंवा बाऊल असेल तर तो रिकामा आत ठेवा, शेजारी पाण्याने भरलेला काचेचा कप ठेवा आणि १ मिनिट चालवा. पाणी गरम आणि बाऊल गार तर चालेल, बाऊलच तापला तर नको. धातूच्या भांड्यावर मात्र हा प्रयोग करू नका.

झाकणाची क्लिप उघडी ठेवूनच गरम करा, वाफ कोंडली की झाकण उडतं.

तरी शंका असेल तर डबा घेऊन दुकानात या, तळ बघून सांगतो, नवीन घ्यायलाच पाहिजे असं काही नाही.