उजनीच्या गाळावरचा सोनेरी चिखल्या

थंडीत सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणाच्या काठाला गाड्या लागतात त्या रोहितांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी. तिथेच ओसरलेल्या पाण्यालगत चार पावलं धावायचं, थबकायचं, चोच मारायची आणि पुन्हा धावायचं, असं करणाऱ्या पिवळसर-तपकिरी पक्ष्याकडे कुणी दुर्बीण वळवत नाही. हा सोनेरी चिखल्या. प्रवासाच्या बाबतीत मात्र रोहित त्याच्या पासंगालाही पुरणार नाही.

शास्त्राच्या दप्तरी तो आला ताहिती बेटावरून. तिथल्या पक्ष्याच्या वर्णनावरून ग्मेलिन या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १७८९ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. पुढे बराच काळ तो आणि त्याचा अमेरिकी भाऊबंद एकच धरले जात. १९९३ मध्ये अमेरिकी पक्षीतज्ज्ञांच्या संघटनेने दोघांना वेगळं केलं.

वीण सायबेरियात आणि पश्चिम अलास्कात, हिवाळा उष्ण प्रदेशातल्या बेटांवर. अलास्का ते हवाई हे सुमारे ४,८०० किलोमीटर अंतर तो तीन-चार दिवसांत, कुठेही न टेकता पार करतो. टेकणार तरी कुठे? बोटांना बदकासारखे पडदे नाहीत, पाण्यावर विसावा घेता येत नाही. अंगावर चढवलेली चरबी हीच शिदोरी. मोठे पक्षी आधी निघून जातात, त्याच वर्षीची पिल्लं मागून, वाटाड्याविना येतात. हवाईत तर तोच पक्षी दरवर्षी त्याच हिरवळीच्या तुकड्यावर हक्क सांगायला हजर होतो.

आपल्याकडे तो लक्षद्वीप-अंदमानला दिसतो, त्याचं नवल नाही. पण सोलापूर? या पर्जन्यछायेच्या मुलखात पाणी अडवलं ते माणसांनी, दुष्काळाच्या धास्तीने. इंग्रजांनी अदिला नदीवर बांधलेला एकरुख तलाव, म्हणजे आपला हिप्परग्याचा तलाव, १८७१ चा. भीमेवरचं उजनी १९८० चं. रब्बीच्या पाळ्या सुटू लागल्या की पाणी उतरतं, काठ उघडा पडतो आणि ओल्या गाळात किडे-अळ्या सापडतात. शेतकरी गाळपेरीला उतरतो, त्याच पट्ट्यात चिखल्याही चरतो. मार्च-एप्रिलमध्ये त्याचा चेहरा आणि पोट काळं पडू लागतं, कपाळापासून कुशीपर्यंत पांढरी पट्टी उमटते. तेव्हा कुठे लोक विचारतात, हा कोण नवा?

धरण शंभर टक्क्यांवर गेलं की जिल्हा सुटकेचा श्वास सोडतो. अशा वर्षी गाळ मात्र उशिरा उघडा पडतो आणि चिखल्यांना चरायला जागा कमी उरते. धरणाच्या टक्केवारीची बातमी रोज छापून येते. उघड्या गाळाचा हिशेब कुणी ठेवत नाही.