डिझेल गाडीचा ऑइल फिल्टर घरी बदलताय? आधी जुनी रिंग शोधा

फिल्टरच्या खोक्याबरोबर हे पत्रक आम्ही मुद्दाम देतो. घरी फिल्टर बदलणारे बरेच ग्राहक काम झकास करतात. पण दुसऱ्या दिवशी कोणी ‘तुमचा फिल्टर गळतोय’ म्हणत आलं, तर बहुतेक वेळा फिल्टर धडधाकट निघतो आणि चुकलेली असते ती एक रबरी रिंग.

घरी जाण्याआधी खोकं उघडून पाहा. डिझेल गाडीत ऑइल फिल्टर वेगळा आणि डिझेल फिल्टर वेगळा. नुसतं ‘फिल्टर द्या’ म्हटलं की घोटाळा होतो. आमच्या काउंटरवरही झालेला आहे.

आमच्याकडे सर्वांत जास्त मागणी १.३ मल्टिजेट इंजिनाच्या फिल्टरला असते. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, क्वाड्राजेटवाली इंडिका व्हिस्टा, पुंतो... नावं निराळी असली तरी १२४८ सीसीचं हे इंजिन मूळचं फियाटचं. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, पण जुन्या गाड्या अजून जोरात पळताहेत. या इंजिनात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. त्यामुळे ऑइल बदलायची वेळ आली तरी ‘जाऊ दे अजून दोन हजार किलोमीटर’ हा हिशेब इथे महागात पडतो.

काम सुरू करताना

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना लाकडी ठोकळे लावा. इंजिन चार-पाच मिनिटं चालवून बंद करा. ऑइल कोमट झालं की पातळ होतं आणि गाळासकट उतरतं. लांबून आल्या आल्या मात्र बोल्ट खोलू नका, हात भाजेल. गाडी उचलावी लागली तर जॅक स्टँड लावाच. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवलेल्या गाडीखाली कोणीही, अगदी ‘दोन मिनिटांसाठी’सुद्धा, शिरू नये.

वरचं ऑइल भरायचं झाकण सैल करा, चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाला ऑइल साठतं त्या भांड्याखाली, घमेलं सरकवा आणि त्याच्या तळाचा ड्रेन बोल्ट रिंग पान्याने सोडवा. साधा पाना घसरून बोल्टचे कोपरे मारतो. धार बारीक होऊन थेंब पडू लागेपर्यंत थांबा. बोल्ट परत लावताना वायसर नवा घाला आणि सुरुवातीचे आटे हातानेच बसवा. चेंबर ॲल्युमिनियमचं असेल तर जोर केल्यावर आटे जातात आणि पाच मिनिटांचं काम गॅरेजमध्ये जातं.

आता ती रिंग

मल्टिजेटमध्ये फिल्टर कागदी असतो. फिल्टरचं झाकण खोलून आतला कागद तेवढा बदलायचा. झाकणाच्या खाचेतली जुनी ओ-रिंग (गोल रबरी रिंग) चपटी होऊन इतकी घट्ट बसते की ती झाकणाचाच भाग वाटते. तिच्यावरच नवी चढवली की झालं, गळती सुरू! जुनी रिंग काढून हातात घ्या, मगच नवी बसवा. काढायला टोकदार स्क्रूड्रायव्हर नको, खाचेला ओरखडा पडतो. नव्या रिंगेला बोटाने ताजं ऑइल लावा, कोरडी रिंग पिळवटते. झाकण किती आवळायचं ते बऱ्याचदा त्याच्यावरच छापलेलं असतं, २५ न्यूटन-मीटर असं काहीसं. मोठ्या पान्याला लोंबकळायची गरज नाही.

जुन्या बोलेरोसारख्या गाड्यांना पत्र्याचा डबा फिल्टर येतो. तिथे जुनी रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहते. फडक्याने ती जागा पुसा आणि बोट फिरवून पाहा. नवा डबा हाताने फिरवा. रबर टेकलं की साधारण पाऊण फेरा पुरे.

ऑइल भरताना

ग्रेड आणि माप गाडीच्या पुस्तिकेतलंच धरा. बीएस-६ गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) असेल तर कमी राखेचं ऑइल लागतं. पुस्तिकेत सी२ किंवा सी३ असा ऑइलचा दर्जा लिहिला असेल तर डब्यावर तेच बघून घ्या. सांगितलेल्या मापापेक्षा थोडं कमी ओतून डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहा, मग वाढवा. जास्त ऑइल म्हणजे जास्त काळजी नव्हे, त्यानेही इंजिनाचं नुकसान होतं.

गाडी सुरू केल्यावर ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. रिकाम्या फिल्टरमध्ये ऑइल भरायला काही सेकंद जातात आणि तोवर टर्बो कोरडा असतो. ऑइलचा लाल दिवा विझला नाही तर लगेच बंद करा. विझला तर दोन मिनिटं चालवून टॉर्चने फिल्टर आणि बोल्टखाली पाहा. मग बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा डिपस्टिक.

चार दिवसांत नवं ऑइल काळं दिसलं तर ‘भेसळीचं दिलं’ म्हणून रागावू नका. डिझेलची काजळी ऑइलमध्ये उतरते आणि ती धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे.

काळं ऑइल

डासांसाठी गटारात किंवा वाळवीसाठी दारा-खांबांना, हे उपयोग आपल्याकडे जुने आहेत. पण ते पाण्यात आणि मातीत उतरतं. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. जुना फिल्टर रात्रभर घमेल्यात निथळू द्या आणि ऑइल रिकाम्या कॅनमध्ये भरा. त्यात पाणी किंवा कूलंट मिसळू नका. कॅन आमच्याकडे आणून दिलात तर अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी पाठवतो. येताना जुनी ओ-रिंगही खिशात टाका. ती सापडली नसेल, तर गाडी सुरू करण्याआधी फोन करा.