चेंगडूच्या शाळेत स्वयंसेवा, चिनी घरात मुक्काम : निघण्यापूर्वी वाचा

आमच्या कचेरीत पहिला प्रश्न येतो जेवणाचा, दुसरा व्हिसाचा. आम्ही उत्तरं उलट्या क्रमाने देतो. जेवणाचं कसंही निभावतं, व्हिसा चुकला तर निभावत नाही.

पर्यटनाच्या एल व्हिसावर शाळेत शिकवायला जाता येत नाही. काम बिनपगारी असेल आणि मुक्काम ९० दिवसांच्या आत असेल, तर एफ व्हिसा लागतो. त्यासाठी चीनमधल्या संस्थेचं निमंत्रणपत्र हवं, आणि त्यात काम व तारखा स्पष्ट हव्यात. ‘इकडे आल्यावर बघू’ म्हणणाऱ्या शाळेत आम्ही कोणालाही पाठवत नाही. पगारी शिक्षक म्हणून जायचं तर झेड व्हिसा आणि कामाचा परवाना लागतो. ते काम आम्ही करत नाही.

हॉटेलात उतरलात तर पोलिसांकडची नोंद हॉटेल करतं. कोणाच्या घरी उतरलात तर ती नोंद २४ तासांच्या आत तुम्ही किंवा यजमानांनी करायची असते. प्रवासाने कितीही दमला असलात तरी यजमानांना घेऊन पोलिस चौकीत जाऊन या, आणि मिळालेला कागद पासपोर्टमध्येच ठेवा.

आता घराबद्दल. यजमान तुम्हाला खोली आणि जेवण देतात. बदल्यात त्यांना घरात इंग्रजी बोलणारं माणूस हवं असतं. हे आधीच मान्य करून निघालं की पुढचा मनस्ताप वाचतो. रोज तासभर मुलाशी गप्पा, थोडी गृहपाठाला मदत, रविवारी सगळ्यांबरोबर बागेत फेरी, एवढं रास्त आहे. पण तासाचे दोन तास होतात, मग मावसभाऊ येऊन बसतो, मग शेजारची दोन मुलं, आणि एक दिवस कोणीतरी प्रेमाने हातात पैशांचं पाकीट ठेवतं. पाकीट घेतलंत की ती नोकरी झाली. परवान्याशिवाय काम करणाऱ्या परदेशी माणसाला चिनी कायद्यात ५,००० ते २०,००० युआन दंड आहे, आणि प्रकरण गंभीर असेल तर ५ ते १५ दिवसांची कोठडीही. शिवाय जुलै २०२१पासून तिथल्या सरकारने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांना कडक लगाम घातला आहे. म्हणजे घरात वर्ग भरला तर यजमानही अडचणीत येतात. म्हणून आठवड्याचे तास आम्ही आधीच कागदावर लिहून घेतो, चिनी आणि इंग्रजीत. तो कागद जवळ ठेवा. दाखवायची वेळ आलीच तर वाद न घालता आधी आम्हाला कळवा.

शाळेत एका वर्गात चाळीसच्या वर मुलं असणं नेहमीचं. सोमवारी झेंडावंदन, मधल्या वेळात पटांगणावर कवायत. मध्येच ध्वनिक्षेपकावर संगीत सुरू होतं आणि सगळा वर्ग डोळे मिटून बोटांनी भुवयांभोवती चोळू लागतो. दचकू नका, तो डोळ्यांचा व्यायाम आहे. जेवणानंतर बाकावर डोकं टेकून वामकुक्षी, हे पुणेकरांना समजावून सांगायला नको. मुलं तुम्हाला ‘लाओशी’ म्हणतील. सर काय आणि बाई काय, शब्द एकच. भारताचा नकाशा मात्र नेऊ नका. सीमा दोन्हीकडच्या नकाशांत वेगळ्या आहेत आणि चिनी सीमाशुल्क खातं असे नकाशे जप्त करतं. दिवाळीच्या किल्ल्याचे फोटो न्या, त्यावर दोन तास सहज निघतात.

चीनभर एकच घड्याळ चालतं, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. चेंगडू बीजिंगच्या बरंच पश्चिमेला असल्याने डिसेंबरात सूर्य आठाच्या सुमारास उगवतो. म्हणजे शाळेला निघताना बाहेर अंधार. शहरभर एकाच यंत्रणेतून घरं गरम ठेवण्याची सोय उत्तर चीनमध्ये असते, चेंगडूला नाही. जानेवारीत तापमान सरासरी पाच-सहा अंश आणि हवा दमट, त्यामुळे घरातसुद्धा जाड कपडे घालून बसावं लागतं. पुण्याची थंडी सोसली म्हणून स्वेटर कमी घेऊ नका.

आणि जेवण. चेंगडू ही सिचुआन प्रांताची राजधानी. आपल्या गाडीवरच्या ‘शेजवान’ला नाव तिथलं आहे, चव नाही. खरी चव ‘ह्वाच्याओ’ची, म्हणजे आपल्या तिरफळाच्या चुलतभावाची. ती जीभ बधिर करते. मालवणकडच्यांना ओळख लगेच पटेल, बाकीच्यांनी पहिला घास लहान घ्यावा. शाकाहाऱ्यांनी ‘मांस नको’ एवढ्यावर थांबू नये. पालेभाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, आणि चेंगडूच्याच प्रसिद्ध मापो टोफूत खिमा असतो. चरबी, हाडांचा रस्सा, मासे यातलं काहीच नको, असं चिनी अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी आम्ही देतो. ती स्वयंपाक करणाऱ्या आजीच्या हातात द्या. कांदा-लसूणही वर्ज्य असेल तर वेनशू मठातलं शाकाहारी उपाहारगृह गाठा. बौद्ध मठांच्या स्वयंपाकात दोन्ही परंपरेनेच नसतात. भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नका. मृताच्या नावाने उदबत्त्या लावतात तसं ते दिसतं.

भेटवस्तू न्या, पण पेढे नकोत आणि हापूसही नको. दुग्धजन्य पदार्थ आणि ताजी फळं सामानातून नेण्यास चीनमध्ये मनाई आहे. भिंतीवरचं घड्याळ देऊ नका, कारण ‘घड्याळ देणे’ हे शब्द चिनीत ‘अंत्यसंस्कार करणे’ असे ऐकू येतात. कोल्हापुरी चपलांचा मोहही आवरा. जुन्या वळणाच्या घरांत पादत्राणं भेट देणं अशुभ मानतात. पैठणी काठाची पर्स चालेल. दोन्ही हातांनी द्या, आणि त्यांनी ती तुमच्यासमोर उघडली नाही तर नाराज होऊ नका.

व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल तिथल्या इंटरनेटवर चालत नाहीत. वीचॅट या चिनी संदेश-अ‍ॅपवर भारतात २०२०पासून बंदी आहे, म्हणून घरच्यांशी बोलायला त्यावर विसंबू नका. पैसे देण्यासाठी अलिपेला तुमचं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून ठेवा. भारतातल्या सिमवर रोमिंग घेतलंत तर नेहमीची अ‍ॅप्स सहसा चालतात, पण खर्च बघून घ्या.

पहिल्या भेटीला पासपोर्ट, दोन फोटो आणि चालू असलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या आणा. आईवडिलांनाही घेऊन या, निम्मे प्रश्न त्यांचेच असतात.