देहगुहेच्या तीन पायऱ्या : पार्श्वभूमी

प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आधी चपटकृमी, मग गोलकृमी आणि मग गांडूळ हा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. देहगुहा म्हणजे आतडे आणि शरीरभित्ती यांच्यामधली, मध्यस्तराचे (भ्रूणातल्या मधल्या पेशीथराचे) अस्तर असलेली पोकळी. या क्रमामागे एक जुनी मांडणी आहे: देहगुहा नसलेले, फसवी देहगुहा असलेले आणि खरी देहगुहा असलेले प्राणी. प्रात्यक्षिकाच्या वहीत तिघांचे आडवे छेद शेजारी शेजारी काढले जातात आणि साध्याकडून गुंतागुंतीकडे जाणारी चढण मनात पक्की बसते. उत्क्रांतीचा क्रम म्हणून ही चढण आज मान्य नाही. अभ्यासक्रमात मात्र ती अजून ठिकठिकाणी शाबूत आहे.

देहगुहेला आजचे शास्त्रीय नाव मिळाले १८७२ मध्ये. ती भ्रूणात मध्यस्तर फाटून बनते की आद्य आतड्याला फुटलेल्या पिशव्यांतून, हा प्रश्न १८८१ च्या सिद्धान्ताने पुढे आणला. तिन्ही गटांची नावे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली, पण ती घरोघरच्या पाठ्यपुस्तकांत पोहोचली १९४० नंतर, अपृष्ठवंशी प्राण्यांवरच्या एका बहुखंडी ग्रंथामुळे. १९५१ च्या खंडात फसव्या देहगुहेच्या प्राण्यांना स्वतंत्र जागा मिळाली. पुढची कित्येक दशके पाठ्यपुस्तकांनी तोच साचा वापरला.

सगळा गुंता या ‘फसव्या’ गटात आहे. त्याची व्याख्या नकारात्मक आहे: पोकळी आहे, पण तिला मध्यस्तराचे अस्तर नाही. अशा पोकळ्या प्राण्यांमध्ये एकापेक्षा जास्त वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाल्या, हे आज स्पष्ट आहे. गोलकृमी आणि चक्रधर प्राणी (पाण्यातले सूक्ष्म रोटिफर) या एका नावाखाली एकत्र शिकवले जात, प्रत्यक्षात त्यांच्या शाखा दूरच्या आहेत. शरीररचनेचे वर्णन म्हणून ‘फसवी देहगुहा’ चालते. नातेसंबंधाचा पुरावा म्हणून तिला काहीच किंमत नाही, आणि हे पहिल्याच तासाला सांगायला हवे.

छेद वाचताना होणाऱ्या चुकाही इथूनच येतात. आधी कमी वर्धनावर आतड्याची पोकळी शोधावी आणि तिथून बाहेर सरकत जावे. आतड्याच्या भिंतीला बाहेरून स्नायू आहेत का, हा खरा प्रश्न. गोलकृमीत आतडे म्हणजे उभट पेशींचा एकच थर. स्नायू फक्त शरीरभित्तीला चिकटलेले. त्या स्नायुपेशींचे फुगीर, फिकट भाग पोकळीत इतके घुसलेले असतात की त्यांनाच अस्तर समजून वहीत तसे नाव दिले जाते. गांडुळात उलट अडचण: आतड्यावरचे अस्तर पातळ पडद्यासारखे दिसेल अशी अपेक्षा असते, पण तिथे ते जाड, पिवळसर क्लोरॅगोजेन पेशींचे झालेले असते. शरीरभित्तीच्या बाजूचे अस्तर मात्र खरोखर पातळ असते. ४० च्या भिंगाखाली चपट्या केंद्रकांची रांग दिसली तरच ते ओळखता येते. चपटकृमीत आतड्याच्या फांद्या कापल्या गेल्या की छेदात चारपाच भोके दिसतात. प्रत्येकाभोवती आतड्याच्या पेशी आहेत का ते पाहावे. शिवाय स्लाइड तयार करताना ऊती आक्रसतात आणि थरांमध्ये फटी पडतात. फाटक्या कडांची, अस्तर नसलेली फट ही पोकळी नव्हे.

झुरळाचे विच्छेदन करताना दिसणारी मोठी पोकळीसुद्धा देहगुहा नाही. ती रक्तगुहा, म्हणजे रक्ताने भरलेली मोकळी जागा आहे. संधिपादांच्या (झुरळासारख्या सांधेदार पायांच्या प्राण्यांच्या) भ्रूणात देहगुहेच्या पिशव्या बनतात, पण पुढे त्या आद्य पोकळीत मिसळून जातात आणि खरी देहगुहा प्रजनन व उत्सर्जन अवयवांतल्या लहान जागांपुरती उरते. तरीही संधिपाद ‘खऱ्या देहगुहेच्या’ रकान्यातच बसवले जातात, आणि झुरळ उघडून पाहणारा विद्यार्थी गोंधळतो.

जुन्या मांडणीला मोठा धक्का बसला तो रायबोसोमच्या (पेशीत प्रथिने बनवणाऱ्या कणाच्या) १८एस या जनुकाच्या तुलनेतून. १९८८ मध्ये या पद्धतीने प्राण्यांचा वंशवृक्ष काढण्याची सुरुवात झाली. १९९५ मध्ये वलयी (गांडुळासारख्या) आणि मृदुकाय (गोगलगाईसारख्या) प्राण्यांसोबत ब्रॅकिओपॉडांसारखे दोन शिंपल्यांचे समुद्री प्राणी एका मोठ्या गटात आले. १९९७ मध्ये गोलकृमी आणि संधिपाद कात टाकणाऱ्या प्राण्यांच्या एकाच शाखेत ठेवले गेले. म्हणजे झुरळाचे नाते गांडुळापेक्षा गोलकृमीशी जवळचे. सुरुवातीला यावर बराच वाद झाला, कारण गोलकृमींची जनुके झपाट्याने बदलतात आणि अशा शाखा तुलनेत चुकीच्या जागी ओढल्या जातात. पुढे अनेक जनुकांच्या अभ्यासांतही ही शाखा टिकली. बहुतेक चपटकृमी मृदुकाय व वलयी प्राण्यांच्या बाजूला गेले. त्यांना देहगुहा नसणे हे आदिमपणाचे लक्षण मानायला आता आधार नाही, ती नंतर नाहीशी झालेली असू शकते.

नव्या पाठ्यपुस्तकांत आधी वंशवृक्ष आणि मग पोकळ्यांचे प्रकार असा क्रम दिसतो. अनेक विद्यापीठीय अभ्यासक्रमांनी मात्र दोन्ही ठेवले आहेत: सिद्धान्ताच्या तासाला नवी शाखा, प्रात्यक्षिकात जुनी तीन चित्रे. ती चित्रे काढायला हरकत नाही. मात्र त्यांना जोडणारे बाण काढू नयेत, आणि प्रत्येक चित्राखाली प्राण्याची वंशवृक्षातली शाखा लिहावी: चपटकृमी आणि गांडूळ एका बाजूला, गोलकृमी दुसऱ्या.