दोन भोकं आणि एक आकडा: अँग्लो-सॅक्सन चांदीच्या हुकांची पार्श्वभूमी

इंग्लंडात नांगरलेल्या शेतातून मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यांना अधूनमधून एक बारकीशी चांदीची चकती सापडते, जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरची, कधी गोल तर कधी त्रिकोणी, वरच्या बाजूला शिवण्यासाठी दोन भोकं आणि खालच्या टोकाला निमुळता होत मागे वळलेला आकडा. पुरातत्त्ववाले याला हुक्ड टॅग म्हणतात. ब्लाउजच्या हुकाची नटलेली थोरली बहीण समजा, फक्त हिच्या जोडीचं काज सहसा मिळत नाही, त्यामुळे आकडा सरळ कापडात नाहीतर दोऱ्याच्या फाशात अडकवत असावेत. सातव्या ते अकराव्या शतकापर्यंत ही वस्तू चालली. बहुतेक टॅग तांब्याच्या मिश्रधातूचे असतात, चांदीचे कमी, पण कारागिराने जीव ओतलाय तो याच चांदीच्या तुकड्यांवर.

आता हे नक्की कशाला लावायचे? साधा प्रश्न वाटतो, पण इथेच घोळ आहे. पाचव्या-सहाव्या शतकातले अँग्लो-सॅक्सन, म्हणजे उत्तर समुद्र ओलांडून इंग्लंडात येऊन वसलेले लोक, मेलेल्या माणसाला कपड्यांदागिन्यांसकट पुरायचे, म्हणून त्या काळातल्या बाईच्या दोन खांद्यांवर दोन ब्रोच असायचे, पूर्वेकडच्या भागात बाह्यांना मनगटापाशी धातूचे क्लास्प, म्हणजे एकमेकांत अडकणारे चाप, असायचे, हे सगळं आपल्याला कबरीतल्या जागेवरून थेट कळतं. मग ५९७ मध्ये पोपने पाठवलेला धर्मप्रचारक ऑगस्टीन इंग्लंडच्या आग्नेय टोकाला, केंटला उतरला, ख्रिस्ती धर्म पसरत गेला, पोशाखही बदलला आणि सातव्या शतकानंतर कबरीत वस्तू ठेवायची पद्धत हळूहळू बंदच पडली. म्हणजे हुक्ड टॅग जेव्हा खरे जोरात होते तेव्हा माणसं नुसत्या कफनात पुरली जात होती, आणि टॅग आपले पडले वाटेत, शेतात, बाजाराच्या जागी, एकेकटे. एकटी पडलेली वस्तू काही बोलत नाही हो, तिच्या शेजारी काय होतं त्यावरच सगळी भिस्त.

असे शेजारी फार थोड्या ठिकाणी सापडलेत. विंचेस्टरला कॅथेड्रलजवळच्या उत्खननात एका कबरीत चांदीच्या टॅगची जोडी मिळाली, तीही सांगाड्याच्या गुडघ्यांपाशी. तेव्हा पोटरीभोवती पट्ट्या गुंडाळायचे, त्या पट्टीचं किंवा मोज्याच्या बंदाचं टोक अडकवायला हे हुक असणार, असा तर्क निघाला. मला हा पटतो, कारण जोडीने सापडणं आणि दोन पाय असणं हे जुळतं.

पण मग लिंकनशरमधलं टेटनी येतं आणि सरळ उत्तराची वाट लागते. तिथे १९४५ मध्ये दहाव्या शतकातल्या चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, चारशेच्या आसपास नाणी, आणि सोबत दोन चांदीचे हुक्ड टॅग. नाण्यांत कोणाचे पाय? म्हणजे इथे हे थैलीचं तोंड बंद करायला होते, हेच सरळ वाटतं.

यातला सगळ्यात भारी शोध तर इंग्लंडात नाहीच. १८८३ मध्ये रोमच्या फोरममध्ये, म्हणजे प्राचीन शहराच्या मुख्य चौकात, व्हेस्टा देवीच्या पुजारणींच्या जुन्या वाड्याच्या जागी खोदताना आठशेहून जास्त नाणी मिळाली, जवळपास सगळी इंग्लिश राजांची, आणि त्यांच्याबरोबर दोन चांदीचे टॅग, ज्यांच्यावर चक्क लॅटिनमध्ये पोप मारिनसचं नाव कोरलंय, 'प्रभू पोप मारिनस यांना' अशा अर्थाने. हा मारिनस दुसरा, ९४२ ते ९४६ दरम्यान पोप होता. म्हणजे इंग्लंडातून पोपला पाठवलेली भेट, आणि थैलीला लावलेला हुक खास त्याच्यासाठी बनवून घेतलेला. सही शिक्काच म्हणा ना. इतक्या छोट्या वस्तूवर कुठून, कोणासाठी, कधी हे तिन्ही एकदम कळणं म्हणजे लॉटरी!

नक्षीबद्दल थोडं. नवव्या शतकातल्या चांदीच्या टॅगवर जी शैली दिसते तिला ट्रूहिडल म्हणतात, कॉर्नवॉलमधल्या गावाच्या नावावरून, तिथे १७७४ मध्ये कथलाच्या खाणकामगारांना ८६८ च्या सुमारास पुरलेला चांदीचा साठा मिळाला होता. छोट्या छोट्या चौकटी, त्यात अंग मुरडलेले प्राणी, पानं, आणि खोदलेल्या भागात काळं नीलो भरलेलं. नीलो म्हणजे चांदी आणि गंधक यांचं संयुग. नुसत्या चांदीचं नीलो वितळवून ओतता येत नाही, वितळायच्या आधीच ते बिघडतं, म्हणून गरम करून मऊ झालं की दाबून दाबून भरायचं, नखाएवढ्या जागेत! पुढच्या काळात तांबं मिसळायला लागले तेव्हा ते पातळ होऊन आपोआप पसरायला लागलं. (ब्रिटिश म्युझियममधला फुलर ब्रोच, नवव्या शतकातला चांदीचा, इतका धडधाकट होता की बरीच वर्षं तो नकली समजला जायचा, त्याच्या सुटकेत हे जुन्या पद्धतीचं नीलो कामी आलं.)

एवढ्याशा तुकड्यांची नोंद आज होते त्यामागे कायदा आहे. पूर्वी खजिना ठरायला मालकाने परत काढून न्यायच्या हेतूने पुरलेला असावा लागायचा, म्हणून १९३९ मध्ये इंग्लंडातल्या सटन हूला सापडलेलं ते अफाट अँग्लो-सॅक्सन जहाज-दफनसुद्धा ज्युरीने खजिना मानलं नाही, मग कोणाच्या पडलेल्या हुकाला कोण विचारतो. १९९६ च्या ट्रेझर ॲक्टने हेतूची अट काढली, वस्तू ३०० वर्षांहून जुनी आणि वजनाच्या किमान १० टक्के सोनं किंवा चांदी, बस्स, १४ दिवसांत कोरोनरला कळवायचं. हो, कोरोनरच, मुंबईत पूर्वी अपमृत्यूंच्या चौकशीला असायचा तो, तिकडे त्याच्याकडे हे कामही आहे. जोडीला १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम सुरू झाली आणि शेतातली सुटी सापडणारी हजारो बारकी वस्तू फोटो, वजन, जागेसकट ऑनलाइन यायला लागली.

नोंदवताना एक गंमत होते. अकराव्या शतकानंतर हे टॅग गायब झाले आणि मग सोळाव्या शतकात, ट्यूडर राजघराण्याच्या काळात, तसेच आकडेवाले ड्रेस हुक पुन्हा आले, फक्त आता चांदीवर सोन्याचा मुलामा आणि वर फुगीर बुंदके. धुऊन पुसल्याशिवाय शेतकऱ्याला काय, डिटेक्टरवाल्यालाही कधी कधी फरक कळत नाही, तेव्हा आधी भोकं बघायची: प्लेटलाच आरपार दोन भोकं असतील तर सॅक्सन असायची शक्यता जास्त, मागे वेगळी दांडी किंवा कडी डाग देऊन जोडली असेल तर ट्यूडर.